बाजार भरायच्या आधी झाडू : जुन्या संगणकावर बूट टाईम स्कॅन कसं लावायचं



मागच्या मार्च महिन्यात सेनगाव तालुक्यातल्या आपल्या एका ग्रामसंघाच्या कार्यालयात गेले, तर लिपिका ताई अगदी रडवेल्या होऊन बसल्या होत्या. दोन दिवसांनी बँकेत कर्ज नूतनीकरणाची फाईल द्यायची होती. गटांची बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, सगळ्या नोंदी एका पेनड्राईव्हवर होत्या. कार्यालयाचा संगणक जुना, कधी बंद पडेल भरोसा नाही, म्हणून ताईंनी डोकं लावून पेनड्राईव्हवर ठेवल्या होत्या. ती पेनड्राईव्ह लावली आणि बघतो तर काय, प्रत्येक गटाच्या फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण. क्लिक केलं की काळी चौकट एक क्षण चमकून जायची. आकार बघितला तर एकेक फोल्डर एक-दोन केबीचा. म्हणजे हिशेब गायब!

मी लगेच शहाणपणा केला. "ताई, काही डाऊनलोड केलं होतं का? पोरांना गेम खेळायला दिला होता का?" असं विचारलं. त्या बिचाऱ्या नाही नाही म्हणत होत्या. नंतर माझी स्वतःची पेनड्राईव्ह लावून बघितली, तर तिच्यातही तोच बाण. आदल्या आठवड्यात मी प्रस्ताव छापायला झेरॉक्सच्या दुकानात गेले होते आणि तिथून थेट या कार्यालयात. व्हायरस मीच आणला होता. ताईंची माफी मागितली, पण त्याआधी त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते लागलंच. म्हणून हा लेख लिहितेय.

आता पुढचं ऐका. अँटिव्हायरस होता. तो चालवला, पेनड्राईव्ह स्वच्छ झाली म्हणाला. पाच मिनिटांनी परत बाण. संगणक स्कॅन केला, "काढून टाकला" असं आलं. संगणक बंद करून चालू केला, परत हजर. तीन वेळा हेच. चौथ्या वेळी आम्ही बूट टाईम स्कॅन लावलं आणि तेव्हा कुठे सुटका झाली.

हे बूट टाईम म्हणजे काय?

"बूट" शब्द ऐकून कार्यालयातल्या एक मावशी हसल्या होत्या, "पायातला का?" गंमत म्हणजे शब्द खरंच तिथूनच आलाय. स्वतःच्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणे अशी इंग्रजीत एक म्हण आहे. बटण दाबल्यावर संगणक तसा स्वतःच स्वतःला उभा करतो, म्हणून त्या उठण्याला बूट होणं म्हणतात. बटण दाबल्यापासून विंडोजचा पडदा दिसेपर्यंतचा जो वेळ, तो बूट टाईम.

त्याच वेळी स्कॅन का? आपला आठवडी बाजार डोळ्यासमोर आणा. दुकानं लागली, भाजीचे ढीग पडले, माणसांची गर्दी झाली, आता तिथं झाडू मारता येतो का? एका पालाखालचा कचरा काढायला गेलं तर दुकानदार म्हणतो, "बाई, माझा माल आहे, हात लावू नका." झाडायचं असेल तर पहाटे, पाल लागायच्या आधी. संगणकाचंही तसंच आहे. विंडोज एकदा चालू झालं की त्याच्यासोबत दहावीस प्रोग्राम चालू होतात आणि व्हायरस त्यांच्यातच बसून चालू होतो. चालू असलेली फाईल विंडोज सहसा पुसू देत नाही, "वापरात आहे" म्हणतं. शिवाय काही व्हायरस जोडीनं राहतात. एकाला काढलं की दुसरा त्याला परत आणून बसवतो. आमच्या कार्यालयात नेमकं हेच चाललं होतं. आम्ही पेनड्राईव्ह धूत होतो आणि संगणकात बसलेला व्हायरस ती परत मळवत होता.

बूट टाईम स्कॅनमध्ये अँटिव्हायरस विंडोज पूर्ण उठायच्या आधी उठतो. तेव्हा व्हायरस नुसती डिस्कवर पडलेली फाईल असतो, झोपलेला. त्याला उचलता येतं.

व्हायरसलाही ही पहाटेची वेळ फार आधीपासून माहीत आहे बरं का. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो "ब्रेन", 1986 चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे संगणक उठताना जे सर्वात आधी वाचतो तिथंच, बसायचा. आणि आपल्याकडचे दोन भाऊ म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर. कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, मग स्वतःचं दुकान टाकलं. 1990 च्या दशकात दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं भरलेले असायचे, तेव्हा संगणकाचं शिक्षण घेणाऱ्या धाकट्या संजय यांनी ते साफ करायचे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच पुढं क्विक हील ही कंपनी उभी राहिली. मी कुणाची जाहिरात करत नाही, पण दहावी झालेला मराठी माणूस दुकानातून इथवर गेला हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं वाटलं.

स्कॅन लावायच्या आधी

इथं घाई करू नका. आमच्या चुका इथंच झाल्या.

पहिली गोष्ट लाईटची. नवीन संगणकावर जे काम पाऊण तासात होतं, त्याला जुन्या हार्डडिस्कवर तीन-चार तास लागू शकतात. आम्हाला साडेतीन तास लागले. मधेच लाईट गेली तर बहुतेक वेळा स्कॅन परत पहिल्यापासून लावावं लागतं एवढंच होतं. पण अँटिव्हायरस एखादी विंडोजची फाईल दुरुस्त करत असतानाच नेमकी गेली, तर विंडोज उठायला कुरकुर करू शकतं. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या बहुतेक कार्यालयांतल्या यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं तरी टिकते का ते बघा एकदा. तुमच्या गावात लाईट कोणत्या वेळी हमखास असते ते तुम्हालाच माहीत, ती वेळ धरा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

दुसरी गोष्ट धूळ. हसू नका. आपली निम्मी कार्यालयं हळद कांडपाच्या नाहीतर डाळ मिलच्या शेजारी आहेत. वसमतकडच्या एका कार्यालयात मी डबा उघडला तर आतला पंखा पिवळाधमक! स्कॅन चालू असताना संगणक तासन् तास पूर्ण जोरात चालतो. पंखा धुळीनं अडकलेला असेल तर तो तापतो आणि मधेच स्वतःहून बंद पडतो. मग आपण म्हणतो व्हायरसनं बंद पाडला. वायर काढून, डबा उघडून, रंगाच्या मऊ ब्रशनं पंखा आणि त्याच्याखालची जाळी झाडून घ्या. ओलं फडकं लावू नका. मे महिन्यात तर हे काम सकाळीच करा.

तिसरी, तारीख बघा. पडद्याच्या कोपऱ्यात 2009 किंवा असलंच काही जुनं साल दिसत असेल, तर आतला बटणासारखा गोल सेल संपलाय. त्याचा नंबर सीआर 2032, घड्याळ-मोबाईलच्या दुकानात मिळतो. तारीख चुकीची असेल तर इंटरनेटवरची पानं "सुरक्षित नाही" म्हणतात आणि अँटिव्हायरस अपडेटच होत नाही. आमच्या लिपिका ताई रोज सकाळी तारीख हातानं बदलत होत्या, दीड वर्ष!

चौथी, अपडेट. अँटिव्हायरसकडं व्हायरसांची ओळखपाळख असलेली एक यादी असते. यादी जुनी असेल तर नवा चोर त्याच्यासमोरून गेला तरी तो रामराम करील. कार्यालयात नेट नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि अँटिव्हायरसमधलं "अपडेट" आधी दाबा.

पाचवी, हिशेबाची प्रत. एक्सेल, वर्ड, टॅलीचा डेटा, फोटो, स्कॅन केलेली आधार आणि पासबुकं, हे सगळं दुसऱ्या पेनड्राईव्हवर उतरवून घ्या. बाण असलेल्या फाईल उचलू नका, प्रोग्रामच्या फाईल उचलू नका. आणि ही नवी पेनड्राईव्हसुद्धा तपासून होईपर्यंत बाधितच समजा. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा, कुणाच्या हातात देऊ नका.

विंडोज 10 असेल तर

विंडोज 10 मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीच असतो, वेगळे पैसे लागत नाहीत. सगळ्या फाईल सेव्ह करून बंद करा. मग स्टार्टमधून सेटिंग्ज उघडा. तिथं अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज सिक्युरिटी, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन. तिथं स्कॅन ऑप्शन्स असं निळ्या अक्षरात दिसेल, ते दाबलं की तीन-चार गोल येतात. शेवटी "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाईन स्कॅन" असेल (काही ठिकाणी "विंडोज डिफेंडर ऑफलाईन" लिहिलेलं असतं), तो गोल निवडून स्कॅन नाऊ दाबायचं. परवानगी विचारेल, होय म्हणा. संगणक स्वतः बंद होऊन परत उठेल, पण नेहमीचा पडदा येणार नाही, फक्त डिफेंडरची चौकट आणि पुढं सरकणारी पट्टी दिसेल. मायक्रोसॉफ्ट म्हणतं पंधरा मिनिटं, जुन्या संगणकाला जास्त द्या. झालं की आपोआप विंडोज चालू होतं. काय सापडलं ते त्याच पानावर प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये लिहिलेलं असतं.

विकतचा दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर डिफेंडर बाजूला सरकलेला असतो. मग त्या अँटिव्हायरसमधलंच बूट टाईम स्कॅन वापरा. दोन अँटिव्हायरस एकाच जुन्या संगणकावर ठेवू नका. एका घरात दोन सासवा झाल्यासारखं होतं, काम कुणाचंच होत नाही.

विंडोज 7 असेल, किंवा विकतचा अँटिव्हायरस असेल तर

क्विक हीलमध्ये स्कॅनच्या यादीत "बूट टाईम स्कॅन" असं नावच असतं. आवृत्तीनुसार जागा थोडी बदलते, शोधा. तो दोन पर्याय देतो. क्विक स्कॅन म्हणजे व्हायरस जिथं नेहमी बसतो तेवढ्याच जागा. फुल सिस्टीम स्कॅन म्हणजे सगळा संगणक. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करताना फुलच करा, वेळ गेला तरी चालेल. मग तो विचारतो, आत्ताच रीस्टार्ट करू का? होय म्हटलं की लगेच चालू, नाही म्हटलं की पुढच्या वेळी संगणक उठताना चालू. चुकून लावलं तर एस्केप बटण दाबून थांबवता येतं. अवास्टमध्येही व्हायरस स्कॅनच्या पानावर बूट टाईम स्कॅन आहे, तिथं "पुढच्या रीस्टार्टला चालवा" अशा अर्थाचं बटण दाबायचं.

एक बारकी गोष्ट. स्कॅन लावल्यावर "शट डाऊन" करून परत चालू करू नका, "रीस्टार्ट" दाबा. विंडोज 10 मध्ये शट डाऊन केलं तरी तो पूर्ण झोपत नाही, लवकर उठता यावं म्हणून अर्धवट जागा राहतो. त्यामुळं काही वेळा स्कॅन सुरूच होत नाही आणि आपण बघत बसतो.

सापडलेल्या फाईलचं काय करायचं असं काही अँटिव्हायरस आधीच विचारून ठेवतात. दुरुस्त करा, क्वारंटाईन करा, की पुसून टाका? "पुसून टाका" कधीच निवडू नका. क्वारंटाईन शब्द आता आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कोरोनात पुण्या-मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवायचे, मारून टाकायचे नाहीत! तसं ती फाईल बंद खोलीत ठेवली जाते. उद्या कळलं की ती तुमच्या गटाच्या हिशेबाचीच एक्सेल होती आणि अँटिव्हायरसला उगाच संशय आला होता, तर परत आणता येते. पुसलेली आणणं अवघड.

संगणक आधी, पेनड्राईव्ह नंतर

हा क्रम चुकला की सगळी मेहनत वाया. बूट टाईम स्कॅन चालू असताना एकही पेनड्राईव्ह लावलेली नको. संगणक स्वच्छ झाला, विंडोज नीट उठलं, त्यानंतर एकेक पेनड्राईव्ह लावायची. लावली की उघडायची नाही. तिच्यावर उजवं बटण दाबून स्कॅनचा पर्याय निवडायचा.

स्कॅन झाल्यावर बाणवाले फोल्डर जातील आणि पेनड्राईव्ह रिकामी दिसेल. इथं घाबरायचं नाही आणि फॉरमॅट तर अजिबात करायचं नाही. हा व्हायरस तुमचे खरे फोल्डर पुसत नाही, लपवतो. फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग ऑप्शन्स, मग परत व्ह्यू असं जा. "शो हिडन फाईल्स" वर खूण करा आणि "हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाईल्स" वरची खूण काढा. तो इशारा देईल, होय म्हणा. फिकट रंगाचे फोल्डर दिसायला लागतील. कधी सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेलं असतं. ते उघडा, आतला माल संगणकावर नवीन फोल्डर करून त्यात कॉपी करा. फिकट फोल्डर तसाच उचलू नका, आतल्या फाईल उचला. काम झालं की दोन्ही खुणा पहिल्यासारख्या करून ठेवा, नाहीतर कुणीतरी विंडोजचीच एखादी फाईल कचरा समजून पुसायचं.

आमच्या ताईंचे सगळे फोल्डर असेच एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सापडले. फक्त एका गटाच्या फेब्रुवारीच्या नोंदींची फाईल उघडेना, ती वहीवरून परत टाईप केली. वही होती म्हणून. संगणक आला म्हणून लेखे वहीत लिहायचं काही गटांनी सोडलंय, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फाईल बँकेत ठरल्या दिवशी दुपारी पोचली.

यानं काय होत नाही

स्कॅन करूनही संगणक हळूच असेल, तर कदाचित तो नुसता म्हातारा झालाय. हार्डडिस्क खराब होत असेल, तिच्यातून टिकटिक आवाज येत असेल, तर वारंवार स्कॅन करू नका, आधी डेटा काढून घ्या. एखाद्या व्हायरसनं फाईलींना कुलूप लावून पैसे मागितले असतील, तर बूट टाईम स्कॅन व्हायरस काढील, पण कुलूप उघडणार नाही.

विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टनं 14 जानेवारी 2020 पासून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं बंद केलंय, आणि विंडोज 10 चेही 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. डिफेंडरची व्हायरसांची यादी मात्र विंडोज 10 वर ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहील असं कंपनीनं सांगितलंय. म्हणून विंडोज 7 च्या संगणकावर बँकेचं ऑनलाईन काम करू नका. हिशेब टाईप करायला, पावती छापायला तो ठीक आहे.

स्कॅन करूनही व्हायरस परत आलाच तर दुरुस्तीवाल्याकडं न्यावा लागेल. तो पहिलं वाक्य म्हणेल, "मॅडम, फॉरमॅट मारून देतो." त्याला आधी विचारा, आमच्या फाईल कुठं काढून ठेवणार, आमच्यासमोर उघडून दाखवणार का, आणि विंडोज लायसनचं टाकणार की क्रॅक? फुकटच्या क्रॅकमधूनच निम्मे व्हायरस येतात असं माझं मत आहे. सदस्यांचे आधार आणि पासबुक असलेला संगणक दुकानात सोडून येऊ नका, कुणीतरी सोबत बसा.

केंद्र सरकारनं 2017 साली "सायबर स्वच्छता केंद्र" सुरू केलंय. त्याच्या संकेतस्थळावर व्हायरस साफ करायची काही मोफत साधनं मिळतात, आणि पेनड्राईव्हवर लक्ष ठेवणारं सी-डॅकचं "यूएसबी प्रतिरोध" सुद्धा. कुणाचा फोन आला की "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, हे ॲप टाका, आम्ही काढून देतो", तर फोन ठेवून द्या. असा फोन कोणतीच कंपनी करत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा, लाजून दोन दिवस घालवू नका.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघानं आपापल्या पेनड्राईव्ह आणाव्यात, त्यावर गावाचं नाव लिहून. मी स्वच्छ केलेला लॅपटॉप घेऊन येते, तिथंच एकेक तपासून देईन. झेरॉक्सला द्यायची पेनड्राईव्ह वेगळी ठेवायची असं आपण त्या ग्रामसंघात ठरवलंय. तिला लाल दोरा बांधलाय. माझ्या पेनड्राईव्हलाही.